आयुष्य किती, आणि त्यातलं स्वतःच्या पायावर किती

लालबागच्या एका ५३ वर्षांच्या गृहस्थांनी विचारलं आहे. वडील ८१ वर्षांचे, आई ७६ वर्षांची. घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडील हल्ली दवाखान्याशिवाय खाली उतरत नाहीत आणि व्यायामाचं नाव काढलं की म्हणतात, ‘आता या वयात काय करायचंय!’ आईला कमी ऐकू येतं. यांना स्वतःला बीपी आहे, शुगर ‘बॉर्डरवर’ आहे. त्यांचे प्रश्न असे: वार्धक्यावर जगभर चाललेलं संशोधन माणसाला दीडशे वर्षं जगवण्यासाठी आहे का? आमच्यासारख्यांच्या हाती त्यातून काही लागतं का? ऑफिसातला एक मित्र एनएमएनच्या (तारुण्य टिकवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या) गोळ्या घेतो, ‘जैविक वय’, म्हणजे जन्मतारखेऐवजी शरीराच्या अवस्थेवरून ठरवलेलं वय, मोजून आला आहे. आम्हीही तेच करावं का?

मी वृद्धांचा डॉक्टर आहे. दादर-परळच्या पट्ट्यात माझी प्रॅक्टिस गेली, त्यामुळे तुमचं घर न बघताही मला जिन्याच्या पायऱ्या किती उंच असतील आणि संडास गॅलरीच्या कुठल्या टोकाला असेल याचा अंदाज आहे. उत्तर लांबेल, कारण संशोधनाचं उद्दिष्ट नीट कळलं की गोळ्यांचा आणि वडिलांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

दीडशे वर्षांच्या गोष्टी वर्तमानपत्रात जास्त आणि प्रयोगशाळेत कमी बोलल्या जातात. आजवर खात्रीलायक कागदपत्रांसह सर्वांत जास्त जगलेली व्यक्ती म्हणजे फ्रान्सच्या जान काल्माँ. १९९७ साली त्या गेल्या तेव्हा वय १२२ होतं. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक गंभीर संशोधकांचं लक्ष्य वेगळंच आहे, आणि ते १९८० साली जेम्स फ्राइज या अमेरिकन डॉक्टरांनी फार स्वच्छ मांडलं. आजारपण सुरू होण्याचं वय आपण पुढे ढकलू शकलो आणि मरणाचं वय त्या मानाने कमी सरकलं, तर मधला दुखण्याचा काळ आक्रसतो. माझ्या ओपीडीतल्या आज्या हेच मागणं देवाकडे मागतात, ‘हातीपायी धड असताना उचल रे बाबा.’ फ्राइज यांनी ते विज्ञानाच्या भाषेत मांडलं आणि ते तपासता येईल असं केलं.

आज तो मधला काळ किती आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकडेवारीत भारतीयांचं सरासरी आयुर्मान सुमारे ७१ वर्षं आहे आणि निरोगी आयुर्मान सुमारे ६०. म्हणजे शेवटची दहा-अकरा वर्षं माणूस अंथरुणात असतो असं नव्हे. आयुष्यभरातलं आजारपण आणि परावलंबन जमेला धरून केलेला तो हिशेब आहे. पण त्याचा मोठा वाटा उतारवयातच पडतो, आणि मुंबईच्या घरात त्याला एक रूप असतं. दहा बाय बाराच्या खोलीत एक पलंग कायमचा अडकतो. ब्युरोची बाई बारा तासांसाठी ठेवावी लागते, ती सुट्टीवर गेली की सुनेची रजा जाते. कितीतरी सुनांनी आणि मुलींनी यासाठी नोकरी सोडलेली मी पाहिली आहे. संशोधन यशस्वी झालं की नाही हे मी एका साध्या गोष्टीवरून ठरवेन: आणखी किती वर्षं माणूस स्वतःच्या पायाने संडासला जाऊन येतो.

आता, एकेक आजार बरा करण्याऐवजी म्हातारपणाच्या मुळाशीच का जायचं? १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज विमा-गणितज्ञाने दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक वेगाने वाढत जाते. आजच्या हिशेबाने ती साधारण आठ वर्षांनी दुप्पट होते. हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश, पक्षाघात या सगळ्यांचा सर्वांत मोठा धोका वय हाच आहे. उद्या कर्करोग पूर्ण नाहीसा झाला तरी सरासरी आयुर्मान जेमतेम तीन-चार वर्षांनी वाढेल, कारण त्यातून वाचलेल्या माणसाला त्याच वयात दुसरं काहीतरी गाठतं. ७५ वर्षांच्या एकाच माणसाला सांधे, साखर, बीपी, मोतीबिंदू आणि प्रोस्टेट असं सगळं एकदम होतं आणि तो पाच डॉक्टरांकडे पाच फायली घेऊन फिरतो, त्याचं कारण हेच. या सगळ्यांखाली काही समान प्रक्रिया चालतात, त्या मंदावता आल्या तर पाचही आजार एकत्र लांबतील, ही या शास्त्राची मूळ कल्पना.

त्या प्रक्रिया कोणत्या यावर २०१३ साली युरोपातल्या पाच शास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. त्यांनी वार्धक्याच्या नऊ खुणा सांगितल्या, २०२३ मध्ये त्या बारा केल्या. सगळ्या सांगत बसत नाही. डीएनएची झीज, गुणसूत्रांच्या टोकांचं आखूड होणं, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचं मंदावणं, शरीरात सतत धुमसणारा हलका दाह, आणि विभाजन थांबलेल्या तरी न मरणाऱ्या पेशी, ज्या आजूबाजूला दाह पसरवत राहतात. या शेवटच्या पेशी २०११ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी खास तयार केलेल्या उंदरांमधून काढून टाकल्या, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू आणि डोळे उशिरा खराब झाले. तेव्हापासून अशा पेशी हटवणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आणि सुरुवातीच्या आहेत.

रॅपामायसिनची हकीगत मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यात एका भारतीय माणसाची चिकाटी आहे. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल यांनी त्या मातीतल्या जिवाणूपासून एक द्रव्य वेगळं काढलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रॅपामायसिन. आधी ते बुरशीविरोधी औषध म्हणून पाहिलं गेलं. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली, काम गुंडाळायला सांगितलं गेलं, तेव्हा सेहगल यांनी थोडा जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी कंपनीची व्यवस्था बदलल्यावर त्यांनी तेच काम पुन्हा उभं केलं, आणि १९९९ मध्ये ते औषध मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मान्य झालं. सेहगल २००३ साली गेले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी एकाच वेळी केलेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासच्या उंदरांना ते दिलं आणि उंदीर जास्त जगले. उतारवयात सुरू केलेल्या औषधानेही आयुष्य वाढू शकतं हे एका सस्तन प्राण्यात इतक्या काटेकोरपणे त्या वेळी प्रथमच दिसलं.

म्हणून तुम्ही रॅपामायसिन घ्यायचं का? नाही. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, तोंडात फोड येतात, रक्तातली चरबी वाढू शकते. स्वच्छ पिंजऱ्यात ठरावीक अन्न खाणारा उंदीर आणि पावसाळ्यात लेप्टो-डेंग्यूच्या मोसमात राहणारा मुंबईकर यांच्यात फार अंतर आहे. कमी खाण्याचंही असंच झालं. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी उपासमार न होऊ देता कमी उष्मांकावर ठेवलेले उंदीर जास्त जगल्याचं दाखवलं. माकडांवर मात्र अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून २००९ आणि २०१२ मध्ये जे निष्कर्ष दिले ते आयुर्मानाच्या बाबतीत एकमेकांशी जुळले नाहीत. आणि जी माणसं आधीच अर्धी पोळी आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतात, त्यांना कमी खायला सांगणं म्हणजे घात आहे.

मेटफॉर्मिनबद्दल तुमच्या मित्राने अजून काही सांगितलं नसलं तर सांगेल. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी म्हातारपणाचे आजार एकत्रितपणे लांबवते का, हे ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३,००० जणांवर तपासण्याची योजना न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय यांनी आखली. औषधाचं पेटंट केव्हाच संपलेलं, त्यामुळे पैसा लावायला कुणी पुढे येईना आणि त्या योजनेची बरीच वर्षं निधी शोधण्यातच गेली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. ज्या गोळीची पट्टी आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळते, तिचा खरा उपयोग कळायला पैशाअभावी इतका उशीर व्हावा! पण उत्तर येईपर्यंत, साखरेसाठी डॉक्टरांनी दिलेली नसेल तर ती घेऊ नका.

एनएमएनने रक्तातलं एनएडी नावाचं, पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं द्रव्य वाढतं, हे माणसांतल्या लहान अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे माणूस जास्त काळ धडधाकट राहतो किंवा जास्त जगतो, हे कुणी दाखवलेलं नाही. द्राक्षांच्या सालीत सापडणाऱ्या रेसव्हेराट्रॉलचा काही वर्षांपूर्वी असाच गाजावाजा होता. वर सांगितलेल्या त्याच तीन केंद्रांनी साध्या, नेहमीच्या आहारावरच्या उंदरांना ते दिलं, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. गोळ्यांचे पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

‘जैविक वया’च्या चाचणीबद्दल. २०१३ साली स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वय ओळखणारं गणित काढलं. काम खरोखर मोठं आहे, आणि शेकडो माणसांच्या दोन गटांची तुलना करायला संशोधकांना ते उपयोगी पडतं. पण एका माणसाचं रक्त दोन वेगळ्या पद्धतींनी तपासलं तर दोन वेगळी वयं येऊ शकतात, आणि आलेल्या आकड्यावरून मी तुमच्या उपचारात काय बदल करावा हे मला कुठलाच अहवाल सांगत नाही. मला जे सांगतं ते तुमच्याच घरात मोजता येतं. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यायचा. गॅलरीत सहा मीटर मोजून खूण करा आणि नेहमीच्या चालीने चाला. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर तीही सूचना आहे. पकडीची ताकद मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं: पुरुषांना २८ किलोपेक्षा कमी आणि बायकांना १८ पेक्षा कमी म्हणजे अशक्तपणा. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या एका अभ्यासात, ज्यात भारतही होता, पकड दर पाच किलोंनी कमी असेल तसतसा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीचा आकडा मृत्यूचं भाकीत जास्त चांगलं करत होता.

आता वडिलांचं ‘या वयात काय’. याला १९९० साली बोस्टनमध्ये मिळालेलं उत्तर मी प्रत्येक घरात सांगतो. डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातली सरासरी ९० वर्षांची दहा अशक्त माणसं घेतली आणि त्यांच्याकडून आठ आठवडे पायाचा वजनी व्यायाम करून घेतला. वजन लुटुपुटीचं नव्हतं, जेवढं जास्तीत जास्त उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलं होतं. नऊ जणांनी तो पुरा केला आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! स्नायूंचं हे वैशिष्ट्य आहे की काम मागितलं तर ते कुठल्याही वयात ऐकतात. वडील ८१ चे आहेत, त्या मंडळींहून नऊ वर्षांनी लहान.

तिसरा मजला तुम्हाला शाप वाटतो हे मला कळतं. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. पगार-पाणी, राहणी जवळपास सारखी. पण दिवसभर डबलडेकरचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला. आपल्याकडे बेस्टच्या डबलडेकरवर आयुष्य काढलेले कंडक्टर माझ्याकडे येत, गुडघे कुरकुरणारे, पण चाल ताठ. जिना हा तुमच्या घरातला व्यायामच आहे, फक्त तो तुटला की माणूस घरात कोंडला जातो. वडिलांचं तेच झालं आहे. खाली उतरणं बंद झालं, म्हणून मांड्या गेल्या. मांड्या गेल्या, म्हणून उतरणं अशक्य झालं. हे चक्र उलटं फिरवता येतं, पण जिन्यापासून सुरुवात करू नका. सुरुवात खुर्चीपासून.

पडण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मुंबईत म्हाताऱ्या माणसाचं स्वतंत्र आयुष्य बहुतेक वेळा एका रात्रीत संपतं आणि ती रात्र खुब्याचं हाड मोडल्याची असते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो, आणि वाचलेल्यांपैकी बरेच पूर्वीसारखं चालू शकत नाहीत. पडण्याच्या कहाण्या मी ऐकतो त्या एकसारख्या असतात: रात्री लघवीला उठले, दिवा लावला नाही, झोपेच्या गोळीची गुंगी होती, ओल्या लादीवर पाय घसरला. गॅलरीतला संडास असेल तर वाटेत पिंप, चपला, सायकल. म्हणून मी औषधांची अख्खी पिशवी घेऊन या म्हणतो आणि झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली तीच गोळी, हे सगळं वेगळं काढतो. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, हळूहळू सोडावी लागते. बीपी बसून आणि मग उभं राहून, दोन्ही मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टरांना सांगा. रात्री पलंगाजवळ युरिन पॉट ठेवण्यात लाज कसली? भिंतीला धरायला एक दांडी, रात्रभर एक बारीक दिवा. हे सगळं एका रविवारी होतं. एनएमएनचे पैसे इथे घाला.

जेवणाबद्दल एकच गोष्ट लावून धरतो, प्रथिनं. तरुणपणी किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम पुरतात. साठीनंतर तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढंच काम करायला जास्त माल लागतो. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. आणि आपली माणसं काय खातात? सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात-वरण, रात्री दूधभात किंवा पेज. दात नाहीत म्हणून उसळ गेली, ‘रात्री पचत नाही’ म्हणून मासळी गेली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मासळी चालत असेल तर १०० ग्रॅम बांगड्यातून १८-२० मिळतात, काटे काढून द्या. शाकाहारी असाल तर घट्ट वरण, मूग-मटकी मऊ शिजवून, पनीर, दही. (दह्यामुळे माणसं दीर्घायुषी होतात असं मेच्निकॉव्ह यांना वाटायचं. १९०८ च्या नोबेलचे मानकरी, आणि वार्धक्याच्या शास्त्राला नाव देणारेही तेच. दीर्घायुष्याचं ते सिद्ध झालं नाही, पण दात नसलेल्या माणसाला दही हे सोपं प्रथिन आहे.) मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन, ॲसिडिटीच्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर. त्याच्या कमतरतेने पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

आईंच्या कानांचा तुम्ही ओझरता उल्लेख करून पुढे गेलात, मी जाणार नाही. आपल्याच देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ च्या पुढच्या ७२,००० हून अधिक भारतीयांची पाहणी केली. लासी नावाने ती ओळखली जाते. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने म्हटलं की बदलता येण्याजोगी चौदा कारणं आयुष्यभर सांभाळली तर तात्त्विकदृष्ट्या जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्यांतलं एक ठळक कारण श्रवणदोष. कान ऐकत नाहीत तेव्हा मेंदूला शब्द लावण्यातच ताकद घालवावी लागते, आणि माणूस हळूहळू गप्पांतून उठून जातो. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत ७० ते ८४ वयाच्या लोकांना श्रवणयंत्र आणि त्याचं प्रशिक्षण दिलं. सगळ्यांचा एकत्रित हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आईंना आधी कानातला मळ तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करा. यंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो आणि बहुतेक आज्या ते कपाटात ठेवून देतात. तेव्हा रोज थोडा वेळ शांत खोलीत लावून एकाच माणसाशी बोलायला सांगा, मग वेळ वाढवा. त्या काळात तुम्ही जवळ बसलात तर यंत्र टिकेल. आणखी एक विचारून घ्या, आई मशेरी लावतात का? या वयाच्या बायका डॉक्टरला ते आपणहून सांगत नाहीत, आणि आपणही तिला तंबाखूत धरत नाही. ती तंबाखूच आहे.

लसींचं थोडक्यात: दरवर्षी फ्लूची, न्यूमोनियाची, आणि परवडत असेल तर नागिणीची. नागिणीच्या लशीबद्दल २०२५ मध्ये वेल्समधून एक लक्षवेधी अभ्यास आला. तिथे २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळत होती, आधीच्यांना नाही, त्यामुळे काही दिवसांच्या फरकाने जन्मलेल्या सारख्याच लोकांची तुलना करता आली. लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांश कमी दिसला. लस जुन्या प्रकारची होती आणि कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण दाह आणि मेंदू यांचं नातं शोधणाऱ्यांना त्याने मोठा धागा दिला आहे.

आता तुमचं स्वतःचं. या घरात वार्धक्य-संशोधनाचा सर्वांत जास्त फायदा तुम्हाला होऊ शकतो, आईवडिलांपेक्षाही, कारण तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षं आहेत. शुगर बॉर्डरवर असणं ही फार मोलाची वेळ आहे. २००२ च्या अमेरिकन चाचणीत अशा लोकांनी वजन सुमारे सात टक्के कमी करून आठवड्याला १५० मिनिटं चालण्याएवढा व्यायाम केला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात भारतीयांमध्ये हा फायदा २८ टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याला कमी मिळतो, पण मिळतो. बीपीचं म्हणाल तर २०१५ च्या स्प्रिंट नावाच्या अमेरिकन चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदयविकार-पक्षाघातासारखे झटके सुमारे २५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले; पुढे त्याच लोकांत बुद्धीची सौम्य घसरणही कमी आढळली. त्यात मधुमेही नव्हते आणि बीपी शांत खोलीत यंत्राने मोजलं होतं, म्हणून नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं, हे मुंबईत पन्नाशीच्या पुरुषांचं सर्वांत महाग पडणारं काम आहे.

एक गोष्ट शासनाच्या कानावर जायला हवी म्हणून लिहितो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला (नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांना मिळून) पाच लाखांपर्यंतचं रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण आहे. वडिलांचं आणि आईंचं कार्ड काढून ठेवा, आधार पुरतं. पण ही योजना माणूस दाखल झाल्यावर खर्च करते. खुबा मोडल्यावर पैसे मिळतील. तो मोडू नये म्हणून महिनाभर घरी फिजिओथेरपिस्ट बोलवाल तर ते खिशातून. जे शास्त्र चाळीस वर्षं सांगतंय की आजारपण सुरूच उशिरा होऊ द्या, त्याला पैशाचं पाठबळ अजून उलट्या टोकाला मिळतं.

वडिलांसाठी या महिन्यात असं करा. आधी एकदा डॉक्टरांना दाखवून हृदय, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर जिन्याची भीती तिथूनही आलेली असते. मग हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, जेवणाआधी, हाताचा आधार घेऊन आठ वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा आठ. जमू लागलं की हाताचा आधार कमी करा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तोल सांभाळायला एका पायावर काही सेकंद उभं राहायचं, तुम्ही मागे. साधारण तीन-चार आठवड्यांनी पहिल्या वळणापर्यंत जिना, तिथे एक खुर्ची आधीच ठेवलेली. उतरताना तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे. त्यांना ‘व्यायाम’ म्हणू नका, खाली त्यांचे जे दोन-तीन सोबती बसत असतील त्यांना निरोप देऊन ठेवा. छातीत दडपण, चक्कर, बोलता येणार नाही इतका दम किंवा पोटऱ्यांत चालताना येऊन थांबल्यावर जाणारी कळ असेल तर तिथेच थांबवा आणि दाखवा. तीन महिन्यांनी पाच उठबशींना किती सेकंद लागतात ते पुन्हा मोजा, त्यांचे आणि तुमचेही.